नांदूर मध्यमेश्वरच्या पाणंदी आणि पाटरस्ते सायकलींसाठी राखावेत

महोदय,

थंडी सुरू झाली की निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याच्या बातम्या आणि छायाचित्रे वृत्तपत्रांतून येऊ लागतात आणि पाठोपाठ दर शनिवार-रविवारी तिकडे जाणाऱ्या मोटारींची गर्दीही वाढते. पक्षी पाहायला माणसे येतात याचा मला आनंदच आहे. परंतु ती ज्या पद्धतीने येतात, त्याविषयी आणि त्याहून चांगली एक पद्धत आपल्या हाताशी असूनही आपण तिच्याकडे लक्ष देत नाही याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते. गेली बारा वर्षे मी सायकलवरून, मागच्या कॅरिअरला दोन पिशव्या बांधून, या परिसरात फिरत आलो आहे. त्या अनुभवावर हे पत्र आधारलेले आहे.

गेल्या जानेवारीतील एक सकाळ सांगतो. साडेसातचा सुमार होता, पाण्यावर धुके होते आणि जलाशयाच्या कडेच्या मातीच्या बांधाआड मी सायकल आडवी ठेवून बसलो होतो. समोर उथळ पाण्यात थापट्या बदके चोची पाण्यात बुडवून गोल गोल फिरत खात होती, त्यांच्या पलीकडे चक्रवाकांची पाच-सहा जोडपी गाळावर बसली होती आणि वारकरी पक्ष्यांचा एक मोठा काळा थवा पाणवनस्पतींच्या कडेने सरकत होता. बदकांच्या चोचीतून पाणी गाळले जाताना होणारा बारीक चुळचुळ आवाज कानावर येत होता, इतकी शांतता होती. तेवढ्यात बांधावरून एक मोठी मोटार आली. काचा खाली होत्या, गाणी सुरू होती आणि पुढे गुरे आडवी आल्याने चालकाने दोनदा हॉर्न वाजवला. पहिल्या हॉर्नला चक्रवाक उठले, दुसऱ्याला सगळे पाणीच उठल्यासारखे झाले. मोटारीतल्या कुटुंबाने खाली उतरून रिकाम्या पाण्याची छायाचित्रे काढली आणि पाच मिनिटांत ते निघून गेले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. वाहन घेऊन कोठपर्यंत यावे, हे त्यांना सांगणारे तेथे काहीही नव्हते.

हे पाणी साधे नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बंधारा बांधला गेला, तो कालव्यांना पाणी देण्यासाठी. वरच्या अंगाने येणारा गाळ त्यात साठत गेला, बेटे तयार झाली, पाणी उथळ झाले आणि सिंचनाच्या हिशेबात जे नुकसान होते त्यातूनच पक्ष्यांसाठी हे ठिकाण घडले. १९८६ मध्ये सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि २०१९ मध्ये त्यातील १,४३७ हेक्टर क्षेत्राला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून रामसर दर्जा मिळाला. महाराष्ट्रातील ते पहिले रामसर स्थळ होय. हिमालय ओलांडून येणारे पट्टकदंब हंस, तलवार बदके आणि चक्रवाक येथे हिवाळ्यात उतरतात ते परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवायला. ज्या सकाळी त्यांना चार वेळा उठून उडावे लागते, त्या सकाळी खाणे कमी होते आणि श्रम वाढतात.

आता मुख्य मुद्दा. या जलाशयाभोवती आणि त्याच्या खालच्या अंगाला वाहनांची वर्दळ नसलेल्या वाटांचे एक जाळे आजही अस्तित्वात आहे. चांदोरी-सायखेड्याकडून येणारे गोदाकाठचे शिवाररस्ते, चापडगाव, मांजरगाव आणि खाणगाव थडी या गावांच्या शेतांमधून जाणाऱ्या पाणंदी, आणि बंधाऱ्यापासून निघणाऱ्या डाव्या व उजव्या कालव्याच्या काठाची देखभालीची वाट, ज्याला आमच्याकडे नुसते 'पाटाचा रस्ता' म्हणतात, हे सारे जोडले तर दोन दिवसांच्या निवांत सायकल सहलीला पुरेल एवढा मार्ग तयार होतो. नाशिकहून एक दिवसात येता येते. मुंबई-मनमाड लोहमार्गावरील निफाड स्थानकापासून तर सायकलने हे अंतर तासाभराचे आहे. पाटाच्या रस्त्याला चढ जवळजवळ नाही, कारण कालव्याला उतार अगदी अल्प ठेवावा लागतो. एका बाजूला वाहते पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, कांदा किंवा द्राक्षाचा मांडव आणि चाकाखाली दाबून बसलेला मुरूम, असा रस्ता शहराजवळ शोधून सापडत नाही.

यासाठी नवे बांधकाम करावे असे मी म्हणत नाही, उलट ते करू नये अशी माझी आग्रहाची विनंती आहे. 'सायकल ट्रॅक' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे काँक्रीट, रंगवलेले कठडे, दिव्यांचे खांब आणि सेल्फीसाठी मोठी अक्षरे डोळ्यांसमोर येतात. जलाशयाच्या काठी रात्री दिवे लावणे म्हणजे रात्री चरणाऱ्या बदकांना तेथून हाकलणे आहे. शिवाय रुंद आणि गुळगुळीत केलेल्या रस्त्यावर सायकलीआधी मोटारी येतात, हे आपण सर्वत्र पाहतो. पाणंदी मजबूत करण्यासाठी शासनाची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आहे. तिच्यातून शेतकऱ्यांना बारमाही वाट मिळाली तर सायकलस्वाराचेही त्यात भागते. त्याला चार फूट रुंद, न खचणारी, काटेरी बाभळीच्या फांद्या वेळेवर छाटलेली वाट मिळाली की पुरे. (बाभळीचा काटा सायकलच्या ट्यूबचे काय करतो, हे या भागात फिरलेला प्रत्येकजण जाणतो. एका हिवाळ्यात माझे सात पंक्चर झाले होते.)

सायकलही पक्ष्यांना त्रास देऊ शकते, हे मला मान्य आहे आणि येथे उत्साहाच्या भरात चूक होऊ नये. सरळ रस्त्याने जाणाऱ्या वाहनाला पक्षी काही प्रमाणात सरावतात, पण मोकळ्या काठावर अचानक थांबून उभ्या राहिलेल्या माणसाच्या आकृतीला ते फार बिचकतात. म्हणून सायकलचा मार्ग पाण्याच्या अगदी कडेने नेणे योग्य नाही. तो बांधाच्या किंवा भरावाच्या शेताकडील अंगाने, पाण्यावरून माणूस दिसणार नाही असा जावा आणि ठराविक ठिकाणीच, निरीक्षण मनोऱ्यापाशी किंवा झापाच्या आडोशापाशी, सायकल लावून पायी आत जाण्याची सोय असावी. इंग्लंडमधील रटलंड वॉटर हे याचे चांगले उदाहरण आहे. तेही आपल्यासारखेच मानवनिर्मित जलाशय, १९७० च्या दशकात बांधलेले आणि रामसर दर्जा मिळालेले. त्याच्याभोवती द्वीपकल्पाचा फेरा धरून सुमारे ३७ किलोमीटरची सायकलवाट आहे आणि ती बव्हंशी मोटाररस्त्यांपासून वेगळी आहे. परंतु पक्ष्यांसाठी राखलेल्या भागाच्या ती बाहेरून जाते, आत जायचे तर चालत जाऊन आडोशात बसावे लागते. तेथे सायकली भाड्याने मिळतात आणि काठच्या गावांतून लोक थांबतात, जेवतात. पाणी पिण्याचे असो वा सिंचनाचे, जलाशय, पक्षी आणि सायकलस्वार एकत्र नांदू शकतात, ही तेथे रोजची गोष्ट आहे.

आपल्याकडे एक अडचण मात्र वेगळी आहे आणि ती सोडवल्याशिवाय काही होणार नाही. पक्ष्यांचा हंगाम आणि साखर कारखान्यांचा गाळप हंगाम एकाच वेळी येतात. नोव्हेंबर ते मार्च या काळात गावरस्त्यांवरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर जातात, मागे दिवा नसतो आणि उसाची टोके रस्त्याच्या दोन्ही अंगांना बाहेर आलेली असतात. अशा ट्रॅक्टरला वाट देताना माझ्या एका मित्राची सायकल खड्ड्यात गेली आणि त्याचा हात मोडला. ट्रॅक्टरवाल्याचा दोष म्हणावा तर त्याला मागचे दिसणेच शक्य नव्हते. ऊसतोड ही शेतकऱ्याची आणि मजुराची भाकरी आहे, ती थांबवा असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच सायकलींना या रस्त्यांवरून बाजूला काढून पाणंदी आणि पाटरस्त्यांवर नेण्याला अर्थ आहे. शेतकऱ्याची बैलगाडी, त्याचा ट्रॅक्टर आणि दुचाकी तेथे यावीच, वाट त्याचीच आहे. बाहेरून फिरायला आलेली मोटार तेवढी येऊ नये.

उसामुळे दुसरीही एक काळजी घ्यावी लागते. निफाड तालुक्यात बिबट्यांचा वावर आहे आणि उंच उभ्या उसात तो दिवसा विसावतो, हे येथील गावकऱ्यांना सांगायला नको. सूर्योदयापूर्वी आणि सूर्यास्तानंतर या पाणंदींवर सायकल चालवू नये, एकट्याने तर मुळीच नाही, हा नियम फलकावर ठळक लिहिला पाहिजे. पक्ष्यांच्या दृष्टीनेही तेच योग्य आहे.

गावांना यातून काय मिळेल, याचाही विचार व्हावा. मोटारीने येणारे बहुतेक पर्यटक डबे घेऊन येतात आणि दुपारपर्यंत परततात. सायकलवर आलेल्या माणसाला पाणी लागते, चहा लागतो, दुपारी भाकरी-पिठले लागते आणि साठ किलोमीटर सायकल मारून आलेला माणूस त्याच संध्याकाळी परत जात नाही. खाणगाव थडीला एका घरी मी दरवर्षी मुक्काम करतो. त्या घरच्या आजी पहिल्या वर्षी पैसे घ्यायला तयार नव्हत्या. आता त्यांची सून डिसेंबर-जानेवारीत दर आठवड्याला चार-पाच सायकलस्वारांची सोय करते, सायकली गोठ्याशेजारच्या पडवीत लावून घेते आणि निघताना वाटेसाठी मक्याची कणसे बांधून देते. महिला बचत गटांनी हे काम हाती घेतले तर त्यासाठी मोठ्या भांडवलाची गरज नाही.

नाशिक जिल्ह्याला सायकल नवीन नाही. २०१५ मध्ये अमेरिकेतील 'रेस अक्रॉस अमेरिका' ही अतिशय खडतर शर्यत पूर्ण करणारे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन हे बंधू नाशिकचेच, आणि आषाढीपूर्वी पंढरपूरला जाणारी येथील सायकलवारीही आता ओळखीची झाली आहे. हे सारे सायकलस्वार महामार्गाच्या कडेला, ट्रकच्या धुरात, जीव मुठीत धरून सराव करत आहेत.

जलसंपदा विभाग, वन विभागाचा वन्यजीव विभाग आणि काठावरील ग्रामपंचायती यांनी येत्या हिवाळ्यापूर्वी एकत्र बसावे, अशी आपल्या वृत्तपत्रामार्फत माझी विनंती आहे. अभयारण्याच्या हद्दीत काहीही करायचे तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार परवानगीची प्रक्रिया आहे, ती पाळूनच हे व्हावे. पण पाणंदीच्या तोंडाशी मोटार आत जाणार नाही पण बैलगाडी जाईल असा आडवा दांडा बसवणे आणि त्याची किल्ली लगतच्या शेतकऱ्यांकडे ठेवणे, वळणांवर दगडावर पिवळ्या रंगाने बाण काढणे, गावात मोटारींसाठी एक वाहनतळ ठरवून तेथून पुढे सायकल किंवा पायी जाण्याची व्यवस्था करणे, या गोष्टींना काही कोटींचा प्रकल्प आराखडा लागत नाही. बाण रंगवण्यासाठी दोन रविवार देण्यास आम्ही काही सायकलस्वार तयार आहोत. कोणत्या दगडावर रंगवायचे, तेवढे संबंधितांनी आम्हाला दाखवावे.

– एक सायकलस्वार वाचक, नाशिक रोड