कडी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना घास हातात धरून तू तशीच बसून राहिलीस. मी दोनदा हाक मारली, तेव्हा "काही नाही गं आई" म्हणालीस आणि पानावरून उठलीस. तोंडावर विचारलं असतं तर विषय बदलला असतास, म्हणून लिहिते आहे.

तू लहान असताना मीही दोन वर्षं हेच काम केलं, आघात सोसलेल्या बायकांचं बिनपगारी ऐकून घेण्याचं. एका बाईंनी सांगितलं होतं, त्या रात्री दाराला कडी नव्हती. बाकीचं लिहीत नाही. त्यानंतर रोज रात्री मी आपली कडी तीनतीनदा चाचपायचे. तुला शेजारी खेळायला पाठवणं बंद केलं. सात वर्षांची तू, दाराशी बसून रडायचीस आणि मी तुलाच हट्टी म्हणायचे. भीती माझी होती. हे आज पहिल्यांदाच सांगते आहे तुला.

याला 'व्हायकेरियस ट्रॉमटायझेशन', म्हणजे दुसऱ्याच्या आघाताने आपल्याला होणारा आघात, असं नाव आहे हे फार उशिरा कळलं. मॅककॅन आणि पर्लमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९९० मध्येच लिहून ठेवलं होतं की, दुसऱ्यांचे आघात ऐकता ऐकता ऐकणाऱ्याचाही माणसांवरचा भरवसा ढासळतो. मला मात्र वाटायचं, आपणच कच्च्या.

पगारी समुपदेशकांचंही सोपं नसतं, पण त्यांना निदान कामाच्या ठरलेल्या वेळा असतात. आपल्याला 'सेवा' म्हटल्यावर थकायचीही चोरी. शिवाय आदल्या दिवशी जिचं ऐकलं ती दुसऱ्या दिवशी रस्त्यात समोर येते. हसावं, की ओळख दाखवूच नये? मी चक्क वाट बदलायचे.

कुणाचं नाव-गाव बाहेर काढायचं नाही, हे बरोबरच. मी मात्र त्याचा अर्थ असा लावला की, ऐकून आपल्याला काय झालं तेही गिळायचं. ब्रिटनमधल्या समॅरिटन्स हेल्पलाइनचे स्वयंसेवक कामाची पाळी संपली की आधी तिथल्या प्रमुखाशी बोलतात, मग घरी जातात. तुमच्याकडे अशी सोय आहे का? नसेल तर मागून घे. संकोच करू नकोस. आणि लागोपाठ दोन अवघड केसेस आल्या तर तिसरीला नाही म्हण. तेवढा हक्क फुकट काम करणाऱ्यालाही असतो.

मला त्या बायकांच्या गोष्टी सांगू नकोस. रात्री झोप लागली का, एवढं सांगत जा.

मी अजून कडी बघते, पण आता दोनदाच.

तुझी,
आई