बार्लीचा नववा पत्ता

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: पत्त्यांच्या खेळाच्या सीलबंद खोक्यात एक पत्ता कमी, तक्रार न सोडवताच बंद केल्याबद्दल

तुमच्या माणसाने आत्ताच फोन ठेवला आणि पाठोपाठ मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' कसलं निवारण? पत्ता कुठाय?

खेळ तुमचाच, नियम मी शिकवायला नकोत. आठ धान्यं, प्रत्येकाचे नऊ पत्ते, वर बैल आणि अस्वल, असे ७४. एका धान्याचे नऊही जमवून घंटी वाजवेल तो डाव जिंकतो. माझ्या खोक्यात ७३ निघाले. बार्लीचे आठच. आतलं प्लास्टिक मी स्वतः सगळ्यांसमोर फाडलं होतं.

१९०४ साली अमेरिकेत पार्कर ब्रदर्सनी 'पिट' काढला, त्याच धर्तीचा हा सौद्यांचा खेळ. आमच्या घरचं अडत दुकान सोलापूरच्या बाजार समितीत आहे, त्यामुळे लिलावाचा आरडाओरडा घरात सगळ्यांना आवडेल म्हणून हौसेने घेतला. गड्ड्याच्या यात्रेला नणंदा, जावा, भाचरं जमली होती. आठ जण बसलो. शिकण्यापुरते बैल-अस्वल बाजूला ठेवून पत्ते वाटले, तर आत्याबाई म्हणाल्या, मला एक कमी आलाय. पुन्हा वाटले, आता जाऊबाईंना कमी. मग मोजले.

देवाणघेवाण जेवढ्यास तेवढी. ज्याच्या हातात आठ आले त्याचे शेवटपर्यंत आठच राहतात, म्हणजे तो माणूस वाटतानाच बाद. मुलांच्या हट्टापायी तरी एक डाव खेळलो. भाचीने बार्लीचे आठही जमवले आणि उरलेला एक पत्ता बदलायला 'एक! एक! एक!' ओरडून घसा बसवून घेतला. खोक्यातच नसलेला पत्ता तिला कोण देणार? तिकडे दिराने गहू पुरा करून घंटी वाजवली. पोरगी रडकुंडीला आली.

आता तुमच्या माणसाचं ऐका. "मॅडम, घरात लहान मुलं आहेत का?"

"आहेत."

"मग हरवला असेल. पलंगाखाली बघा."

सीलबंद पाकीट फोडून तिथंच मोजलेत, सतरंजीवरून कुणी उठलंही नव्हतं, असं सांगितलं. फोटो पाठवलेत तेही सांगितलं. त्यावर म्हणाला, "बार्ली काढून टाका, सात जण खेळा." खोक्यावर 'तीन ते आठ खेळाडू' तुम्हीच छापलंय ना? आठव्याला कुणाला उठवू? सत्तरी ओलांडलेल्या आत्याबाईंना? मी बोलत असतानाच म्हणाला, "एवढ्याशा पत्त्यासाठी किती फोन करता? जाड कागदाचा कापून घ्या, त्यात काय!" आणि हसला. शेजारच्या कुणाला तरी काहीतरी बोललाही, ते मला स्पष्ट ऐकू आलं.

पत्ते पालथे देतात हो! घरी कापलेला पत्ता पाठीवरूनच ओळखू येणार, मग सौदा कसला? बैल त्याच्या जागी लावावा, तर तो हातोहात फिरतो आणि दुसऱ्याने घंटी वाजवताना ज्याच्याकडे असेल त्याचे २० गुण जातात. तुमच्याच कंपनीत बसून तुमचाच खेळ ज्याला ठाऊक नाही, त्याला फोनवर कशाला बसवता?

आमच्या दुकानात कांद्याच्या वकलात, म्हणजे एका शेतकऱ्याच्या मालात, एक पोतं कमी भरलं, तर आम्ही शेतकऱ्याला 'घरी राहिलं असेल, बघा' म्हणत नाही. त्याच दिवशी वजनाच्या पावत्या काढून बसतो. पाकीट सीलबंद होतं, हे पुन्हा लिहिते, कारण तुमच्याकडे ते कुणी ऐकूनच घेत नाही.

मला पैसे परत नकोत, पुढच्या खरेदीवरचं कूपनही नको. त्याच छपाईचा, त्याच पाठीचा बार्लीचा पत्ता हवा. तो जमत नसेल तर पूर्ण नवा संच पाठवा, पाठवण्याआधी कुणाला तरी मोजायला लावा, आणि हा जुना तुमच्या खर्चाने घेऊन जा. शिवाय त्या माणसाने माझी माफी मागावी.

पंधरा दिवस वाट बघेन. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याने मी राहते त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, तेव्हा तुमच्या वकिलाला सोलापूरला यावं लागेल.

उत्तर लेखी द्या. फोन करू नका.

— तुमची ग्राहक, सोलापूर