नाणेघाटाची वाट पण किल्ल्यांइतकीच जपा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

२०२५ च्या जुलैमध्ये शिवनेरी युनेस्कोच्या यादीत गेला तेव्हा आम्हा जुन्नरकरांना खरंच भरून आलं. पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. शिवनेरी काही एकटा नाहीये. शिवनेरी, हडसर, चावंड आणि पार घाटाच्या तोंडाशी जीवधन, हे चारही किल्ले एकाच रस्त्याच्या राखणीला उभे आहेत आणि तो रस्ता म्हणजे नाणेघाट. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल सातवाहनांच्या काळात याच वाटेने वर जुन्नरला यायचा, आणि जीवधनच्या एका दरवाजाला तर आजही कल्याण दरवाजाच म्हणतात.

घाटातल्या गुहेतला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, वरचा जकातीचा दगडी रांजण, यांचे फोटो सगळेच काढतात. पायाखालच्या वाटेकडे कोण बघतो? यंदा पावसाळा सरल्यावर पायथ्याच्या वैशाखऱ्याकडून चढत होतो, गुहेच्या थोडं खाली एका दगडावर पाय ठेवला तर तो चक्क डुगडुगला, वाकून खाली हात घातला तर माती सगळी वाहून गेलेली, बोटं आरपार जात होती. कितीतरी पिढ्यांच्या पायांनी गुळगुळीत झालेला दगड तो! दोन पावलं पुढे तर तीन-चार दगड जागा सोडून खाली घरंगळलेत आणि त्या खड्ड्यात चिप्सची पाकिटं.

१८१८ मध्ये इंग्रजांनी जीवधन-चावंडच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या हे आपण आजही तावातावाने सांगतो, मग ही वाट आपल्या डोळ्यांदेखत जातेय त्याचं काय? एका कार्यालयात अर्ज घेऊन गेलो तर म्हणाले, वाट आमच्यात येत नाही. वाटच नसती तर तिथे लेख कोणी कोरला असता आणि किल्ले तरी कशाला बांधले असते?

सिमेंटच्या पायऱ्या आणि रेलिंग तर अजिबात नको, हात जोडून सांगतो. पावसाआधी कडेने चर काढून पाणी बाजूला वळवा, हललेले दगड त्याच जागी परत बसवा, आणि हे काम घाटघर-वैशाखऱ्याच्या लोकांना योग्य रोज देऊन करून घ्या, त्यांना या डोंगरातलं पाणी कुठून कसं येतं ते तोंडपाठ आहे. येत्या मे महिन्यात पुरातत्त्वाचं कोणी जाणकार परवानगीसकट सोबत येणार असेल तर आम्ही पाच-सहा जण पहारी-घमेली घेऊन तयार आहोत.

आपला,
एक वाचक, जुन्नर