खिडकीची खोली घे

चि. मुक्ता,

अनेक आशीर्वाद. काल तुझा मेसेज आला तेव्हा इथे रात्रीचे साडेअकरा झाले होते, म्हणजे सेऊलला पहाटेचे तीन. "बाबा, ऐक हे" एवढंच, आणि खाली त्या कोरियन गायिकेचं, आययूचं गाणं, 'बामप्योंजी'. झोपेवर या वेळी काही बोलायचं नाही असं ठरवून लिहायला बसलोय, म्हणून आधी गाण्याचं सांगतो.

फार गोड आहे गं. हलक्या बोटांनी छेडलेली गिटार आणि अगदी कानाशी आलेला आवाज. ड्रमचा दणका नाही. गळा असूनही ती आवाज चढवत नाही. प्रेम आहे हे सांगण्याआधी नुसता एक हुंकार भरते, आणि मग बोलते. ती जागा मी कितीदा ऐकली! भजनी मंडळात बुवांना ऐकवली, तेही गप्प झाले.

मग अर्थ शोधला. त्या दिवसाचा काजवा तुझ्या खिडकीजवळ पाठवते, असं म्हणते ती. शब्द तिचेच. तिला स्वतःला झोपेचा त्रास, म्हणून समोरच्याला शांत झोप लागो असं वाटणं हेच तिचं प्रेम. गाणं 2017 चं, तेव्हा ती 23 वर्षांची. तुझ्याएवढीच. या वयात पोरींची झोप का उडावी? आत्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी जागरणं, मग "मला काही नाही झालेलं, दादा". संध्याकाळनंतर कॉफी घेऊ नकोस, फोन उशाशी ठेवू नकोस, जेवण वेळेवर... असो. राग मानू नकोस. परक्या भाषेत पेपर लिहितेस तू, नाना असते तर गावभर सांगत फिरले असते.

काजव्यांवरून भंडारदरा आठवलं. पावसाच्या तोंडावरचा तो अंधार, हिरड्या-बेहड्याची झाडं लखलखत होती. हे झोपतात कधी, असं तू विचारत राहिलीस आणि उत्तर मिळायच्या आत माझ्या खांद्यावर झोपलीससुद्धा. कुठेही झोपायचीस. एसटीत, लग्नाच्या मांडवात, माझी पेटी चालू असताना.

गाण्यातल्या माणसाला खिडकी तरी आहे. तुझ्या गोशिवॉनच्या, म्हणजे त्या छोट्या-छोट्या स्वस्त खोल्यांच्या वसतिगृहातल्या, खोलीला नाही, हे मला आईकडून कळलं. बिनखिडकीची खोली स्वस्त पडते, समजतं मला. पण दिवस उगवलेलाच दिसत नसेल तर झोप कशी लागणार? खिडकीची खोली रिकामी झाली की लगेच घे, वरचं भाडं मी देतो. नाही म्हणू नकोस. माझ्या पेन्शनीचा हिशेब तू करायचा नाहीस.

आणि कुणी आवडलंय म्हणून जागत असशील, तर तेही सांग. मला अवघड वाटत असेल तर आईला सांग, पण सांग.

पैसे सोमवारी बँकेतून पाठवतो. मिळाले की कळव, दिवसा.

तुझा,
बाबा