हेदर, ससे आणि गच्चीवरच्या कुंड्या

अ‍ॅव्हिमोर, स्कॉटलंड

ती. काका-काकूंस सा. न. वि. वि.

इंदूरच्या गच्चीसाठी हेदरचं, म्हणजे इथल्या माळावरच्या जांभळ्या फुलांच्या झुडपाचं, बी मागितलंत, पण ते पाठवत नाही. विनापरवाना बी टपालानं धाडता येत नाही, आणि आलं तरी तिथे जगायचं नाही. हेदरला निकस, आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साडेचार-पाच. माळव्याच्या काळ्या मातीत चुना असतो, सामू सातच्या वर. अशा मातीत मुळांना लोह मिळत नाही, पानं पिवळी पडतात. कुंडीत दुसरी माती भरलीत तरी बोअरचं जड पाणी सामू हळूहळू वर नेणारच. शिवाय मे महिन्याचं ऊन! जांभळाच रंग हवा असेल तर गोकर्ण लावा.

इथे मात्र डोंगरी सशाचा हिवाळा मुख्यतः हेदरवरच निघतो. गवत बर्फाखाली गेलं की तो हेदरचे कोवळे शेंडे खातो. काडी नीट पाहिली की खाणारा कोण ते कळतं. सशानं तोडलेली काडी तिरकी, सुरीनं कापल्यासारखी असते. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, म्हणून त्याची फाटलेली दिसते.

पण नुसतं कोवळं हेदर पुरत नाही. लपायला जुनं, गुडघाभर दाट झुडूपही जवळच हवं, नाहीतर गरुड उचलतो. म्हणून कोवळे फुटवे यावेत यासाठी माळ जाळायचा तो एकदम न जाळता तीसेक मीटर रुंदीचे पट्टे आलटून पालटून जाळतात किंवा कापतात. वरचं झुडूप वाळलेलं आणि खालची माती ओली, अशीच वेळ साधावी लागते. माती कोरडी असली तर आग पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, शिरते, आत धुमसत राहते आणि मुळं, बी सगळं संपवते. पंधराएक वर्षांपर्यंतचं हेदर बुडख्यातून पुन्हा फुटतं. त्याहून जुनं झालं की बियांवरच भिस्त. जळालेल्या पट्ट्यावर लगेच मेंढ्या सोडल्या तर कोवळे फुटवे खुडले जातात आणि गवत माजतं. ही घाई मला फार खटकते.

१ मार्च २०२१ पासून स्कॉटलंडमध्ये हा ससा संरक्षित आहे. परवान्याशिवाय मारता येत नाही.

डोंगरी ससा सहसा बिळात राहत नाही, आपल्याकडचा रानससाही नाही. पिल्लं उघड्यावरच जन्मतात, अंगावर केस आणि डोळे उघडे. आई फक्त पाजायला येते, एरवी लांब राहते. तेव्हा महूकडच्या शेतात पिल्लू एकटं दिसलं तर मुलांना हात लावू देऊ नका, कुत्रं तेवढं आवरा.

तुमचा,
बाळू