‘संग्रहित’ म्हणजे कोणी काढलेले?

संपादक महोदय,

रविवार पुरवणीतला चित्रकार अमृता शेरगिलवरचा लेख आवडला. तक्रार आहे ती सोबतच्या तीन छायाचित्रांखालच्या एका शब्दाबद्दल : ‘संग्रहित’. हे फोटो संग्रहात आपोआप उगवले नाहीत. तिन्ही अमृताच्या वडिलांनी, उमराव सिंग शेरगिल यांनी काढलेले आहेत.

उमराव सिंग (१८७०–१९५४) मजिठियांच्या शीख सरदार घराण्यातले, संस्कृतचे अभ्यासक. फोटोग्राफी हा त्यांचा धंदा नव्हता, नाद होता, आणि तो म्हातारपणापर्यंत टिकला. कॅमेऱ्यापुढे बहुधा घरचीच माणसे : हंगेरियन पत्नी मारी आंत्वानेत, मुली अमृता आणि इंदिरा, नाहीतर ते स्वतः. बुडापेस्ट, सिमल्याचे समर हिल, पॅरिस अशी बिऱ्हाडे बदलत गेली, फोटो चालूच राहिले.

त्या काळी स्टुडिओत गेले की मागे रंगवलेला पडदा, हात खुर्चीच्या पाठीवर आणि चेहरा फोटोपुरता उसना. उमराव सिंगांच्या फोटोंत पियानो आहे, आरसा आहे, पुस्तके आहेत; मुली कधी युरोपीय पोशाखात, कधी साडीत. १९०४ च्या सुमारास त्यांनी स्वतःचाच एक फोटो घेतला. नुकतीच अंघोळ झालेली, अंग उघडे, लांब केस मोकळे सोडलेले. पगडीतला सरदार चारचौघांना दिसतो, हे केस फक्त घरच्यांनी पाहायचे. (‘सेल्फी’वाल्यांनी जरूर बघावा.)

वडिलांच्या कॅमेऱ्यापुढे बसतच अमृता वाढली. तिच्या १९३२ च्या ‘यंग गर्ल्स’ या चित्रासाठी बसलेल्या दोघींपैकी एक इंदिराच. मला तर त्या चित्रातली खोलीही वडिलांच्या फोटोंतून उचलल्यासारखी वाटते. जाणकारांना पटेलच असे नाही. पण इंदिरेचे चिरंजीव, कलावंत विवान सुंदरम यांनी आजोबांच्या याच फोटोंची नव्याने जुळणी करून ‘रीटेक ऑफ अमृता’ ही चित्रमालिका केली, ती काय उगीच?

प्रताधिकाराचा प्रश्न बाजूला ठेवू. चित्राखाली चित्रकाराचे नाव न चुकता छापता, मग फोटोखाली का नाही? हौशी माणसाला पैसे द्यावे लागत नाहीत, म्हणून नावही द्यायचे नाही?

३० जानेवारीला अमृताच्या जयंतीनिमित्त यातलाच एखादा फोटो पुन्हा छापाल. तेव्हा खाली एवढेच असू द्या : ‘छायाचित्र : उमराव सिंग शेरगिल’.

– एक नियमित वाचक