निरीक्षण वहीत, सूक्ष्मदर्शक कपाटात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीच्या विज्ञान-तंत्रज्ञानाला १०० गुण असतात. ४०-४० गुणांचे दोन लेखी पेपर आणि प्रात्यक्षिकाचे २०. हे पत्र त्या २० गुणांबद्दल आहे, त्यातही भाग २ बद्दल, म्हणजे मुख्यतः जीवशास्त्राबद्दल.

पुण्यातल्या एका अनुदानित शाळेत प्रयोगशाळा सहायक म्हणून काम करून मी निवृत्त झालो. माझी जागा पुढे भरली गेली नाही. कपाटाच्या किल्ल्या आता विज्ञानाच्या बाईंकडे असतात आणि बाईंच्या मागे मतदारयाद्यांपासून पोषण आहारापर्यंत सतरा कामं. कपाट उघडायचं कोणी आणि कधी? भौतिक-रसायनाचं निदान काहीतरी होतं. लिटमसचा रंग बदलतो, भिंगातून कागदावर खिडकीची उलटी प्रतिमा पडते. जीवशास्त्राचा प्रयोग मात्र फळ्यावरून वहीत उतरतो.

आमच्या सोसायटीतली एक दहावीची मुलगी परवा जर्नल दाखवायला आली होती. आकृत्या छापल्यासारख्या सुबक. ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली लिहिलेलं, ‘यीस्टच्या पेशींवर लहान कलिका दिसल्या.’ कधी दिसल्या म्हणून विचारलं, तर म्हणाली, ‘दिसल्या नाहीत काका, पण लिहायचं तेच असतं.’ तिचा यात काडीचाही दोष नाही. कोमट साखरपाण्यात चिमूटभर यीस्ट टाकून तासा-दोन तासांनी थेंबभर पाणी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर त्या कलिका आपोआप दिसतात. एवढं तिला कोणी करू दिलं नाही.

कांद्याच्या पापुद्र्याचंच घ्या. प्रयोग अगदी साधा. कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ पापुद्रा चिमट्याने सोलायचा, पाण्याच्या थेंबात पसरायचा, सॅफ्रॅनिनचा थेंब टाकायचा, जादा रंग धुऊन ग्लिसरीन घालायचं आणि वर कव्हरस्लिप, म्हणजे पातळ काच, ठेवायची. ती सुईच्या टोकावर तिरकी धरून हळूहळू खाली सोडावी लागते, नाहीतर आत हवा अडकते. पहिल्यांदा बघणारी बहुतेक मुलं ‘पेशी दिसली!’ म्हणून ओरडतात ती हवेचा बुडबुडा बघून. बुडबुडा पुरता गोल, कड काळीकुट्ट. पेशी लांबट, एकीला एक लागून, आणि रंग नीट बसला असेल तर आत केंद्रकाचा ठिपका. हा फरक स्वतःच्या डोळ्यांनी कळला की ‘केंद्रक’ हा शब्द वेगळा पाठ करावा लागत नाही. पुस्तकातल्या आकृतीत बुडबुडा नसतो, त्यामुळे फसायची आणि मग नीट बघायची संधीच येत नाही.

पाठ्यपुस्तकाला मी नावं ठेवणार नाही. ‘करून पहा’, ‘जरा डोके चालवा’ अशा चौकटी त्यात जागोजागी आहेत. परीक्षेत मात्र ‘नामनिर्देशित आकृती काढा’ विचारलं जातं आणि प्रात्यक्षिकाचे गुण जर्नलच्या नीटनेटकेपणावर पडतात. मुलं हिशेबी असतात, गुण असतील तिथे वेळ देतात. पालकांचंही तेच. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत ७२० पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, म्हणून आठवीपासून फाउंडेशनच्या क्लासला हजारो रुपये मोजले जातात. त्या परीक्षेला बसणाऱ्याने आयुष्यात एकदाही सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसला डोळा लावला नसला तरी तिथे काही अडत नाही.

आणि हे सगळं पुण्यात! आघारकर संशोधन संस्था इथे, राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था इथे, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, पाषाणला आयसर ही विज्ञानशिक्षण संस्था, कोरेगाव रोडला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं कार्यालय. बालभारती आणि राज्य मंडळही याच शहरात. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या आवारात मुलांची झुंबड उडते, ते चांगलंच आहे. पण नववीच्या वनस्पतींच्या वर्गीकरणासाठी असा मुहूर्त गाठायची गरज नाही. पावसाळ्यात जुन्या वाड्याच्या ओल्या भिंतीवर मॉस असतं, म्हणजे ब्रायोफायटा. त्याच भिंतीच्या भेगेत नेचे उगवतात, म्हणजे टेरिडोफायटा. नेच्याचं पान उलटं केलं की तपकिरी ठिपक्यांच्या रांगा दिसतात. त्यात बीजाणू असतात. शाळेच्या मागच्या भिंतीपाशी वर्ग नेला तर एका तासात हा भाग होतो. बसभाडं नाही, परवानगीचं पत्र नाही.

माझी मागणी मोठी नाही. प्रात्यक्षिकाच्या २० पैकी ५ गुण तरी मुलाने परीक्षकासमोर स्वतः तयार केलेल्या एका काचपट्टीला द्यावेत. परीक्षकाने आयपीसमधून बघावं, ‘हे काय?’ एवढं विचारावं आणि मग गुण द्यावेत. तयार काचपट्टी मांडून ‘ओळखा’ म्हणणं यात धरू नये. एका वर्गाला दोन-तीन कांदे, सॅफ्रॅनिनची एक बाटली आणि कव्हरस्लिपच्या डब्या पुरतात. मंडळाने हे लेखी कळवलं, तर शाळांना कपाटं उघडावीच लागतील. प्रयोगशाळा सहायकांच्या रिकाम्या जागांचं काय करायचं, तेही शिक्षण विभागाला मग टाळता येणार नाही.

तोवर मुख्याध्यापकांना एक विनंती. पुण्याच्या पावसाळ्यात बंद कपाटातल्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांवर बुरशी धरते आणि एकदा ती खोल गेली की भिंग वाया जातं. कपाट आठवड्यातून एकदा उघडा, भिंगांच्या डबीत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या निळ्या दाण्यांच्या पुड्या ठेवा, दाणे गुलाबी झाले की बदला. आणि उघडलंच आहे, तर त्या दिवशी एखाद्या वर्गाला बघूही द्या.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक,
कोथरूड, पुणे